पंखांच्या टोकावरची कावड : घरी बांधलेली विमाने आणि इंधनाचा तोल

१/
१४ डिसेंबर १९८६. कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स हवाई तळ, सकाळचे आठ वाजून एक मिनिट. सुमारे ४,५७० मीटर लांबीच्या धावपट्टीवर एक पांढरे, कृश, विलक्षण लांब पंखांचे विमान धावू लागते. वेग वाढतो तसे पंख वर उचलले जायला हवेत. ते उचलले जात नाहीत. उलट इंधनाच्या भाराने वाकून त्यांची टोके धावपट्टीवर घासू लागतात. समोर नजर खिळवून बसलेल्या वैमानिकाला याची कल्पना नाही. बाहेरून पाहणाऱ्यांचा मात्र श्वास अडकला आहे.

२/
त्या विमानाचे नाव व्हॉयेजर. वाटेत कुठेही न उतरता आणि हवेत पुन्हा इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करण्यासाठी ते निघाले होते. ही कथा बहुधा साहसाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. आजच्या थ्रेडमध्ये मात्र तिच्याकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहू. इंधन किती, हा प्रश्न सर्वांनाच सुचतो. इंधन विमानात नेमके कुठे ठेवायचे आणि ते दोन्ही बाजूंनी सारखे कसे संपवायचे, या प्रश्नाने हौशी विमानबांधणीच्या इतिहासात यशही घडवले आहे आणि माणसांचे प्राणही घेतले आहेत.

३/
आधी ‘घरी बांधलेले विमान’ म्हणजे काय, ते पाहू. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतःच्या गॅरेजमध्ये वा शेडमध्ये विमान बांधणाऱ्यांची चळवळ उभी राहिली. १९५३ मध्ये पॉल पोबरेझ्नी यांनी मिल्वॉकी येथे ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ स्थापन केली. विमानाचे निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्याने स्वतः, शिकण्यासाठी वा हौसेखातर केलेले असेल, तर त्याला ‘प्रायोगिक’ वर्गात उडण्याची परवानगी मिळते. आपल्याकडे हे ऐकताच मुंबईत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात. जात तीच, चिकाटीही तीच.

४/
अशा विमानांमागे मोठ्या कारखान्याची चाचणी-यंत्रणा नसते. आराखडा एकाचा, बांधणी दुसऱ्याची आणि पुष्कळदा उड्डाण तिसऱ्याचे. या तीन हातांमध्ये एखादी गोष्ट निसटली, तर ती पकडणारा चौथा हात क्वचितच असतो. हे सूत्र लक्षात ठेवू या. पुढे ते पुन्हा भेटेल.

५/
आता थोडे शास्त्र. लहान विमानात इंधन ठेवायला जागा फार नसते. पोटात माणसे, नाकात बहुधा इंजिन. राहिले पंख. पंखाच्या मुळाशी, म्हणजे धडाजवळ, टाकी ठेवणे सर्वांत सोपे. पण पल्ला वाढवायचा तर ती जागा पुरत नाही. मग बांधणाऱ्याची नजर पंखाच्या टोकाकडे वळते. तिथला पोकळ भाग रिकामाच असतो आणि तिथे टाकी बसवली तर विमानाच्या बाह्य आकारात फारसा फरक पडत नाही.

६/
टोकावरच्या टाकीचा आणखी एक फायदा आहे आणि तो प्रथमदर्शनी उलटा वाटतो. उडत्या विमानात हवा पंखांना वर उचलत असते, तर धडाचे वजन मधोमध खाली ओढत असते. त्यामुळे पंख मुळाशी वाकण्याचा ताण येतो. पंखाच्या टोकाशीच वजन असेल, तर ते तिथल्या उचलीला तिथल्या तिथे उत्तर देते आणि मुळावरचा ताण हलका होतो. म्हणजे टोकाला भार ठेवल्याने पंख हवेत अधिक निर्धास्त होतो.

७/
हे लष्करी विमानांनी फार पूर्वी वापरले. १९४४ मध्ये प्रथम उडालेल्या लॉकहीड पी-८० या अमेरिकी जेटच्या पंखांच्या टोकांना सुमारे ६२५ लिटरच्या टाक्या लावत. १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले तेव्हा ही विमाने जपानमधून उडत होती आणि लढाईच्या जागी पोहोचेपर्यंत इंधन संपत येई. तेव्हा मिसावा तळावर या टाक्यांच्या मध्ये जादा भाग जोडून त्या सुमारे १,००० लिटरच्या केल्या गेल्या. पल्ला वाढला, पण पंखांच्या टोकांवर ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक ताण येऊ लागला. गरज आणि गणित यांतली ही ओढाताण या इतिहासात वारंवार दिसते.

८/
कारण फायद्याची दुसरी बाजू लगेच समोर येते. जो भार हवेत पंखाला आधार देतो, तोच जमिनीवर त्याला खाली वाकवतो, कारण तिथे उचल नसते. एडवर्ड्सच्या धावपट्टीवर डोळ्यांसमोर दिसत होते ते हेच.

९/
आणि मग प्रश्न येतो तोलाचा. खांद्यावर कावड घेऊन चालणाऱ्याला हे शास्त्र शिकवावे लागत नाही. दोन्ही घागरी सारख्या भरलेल्या असतील तर दांडा खांद्यावर शांत राहतो. एका घागरीतले पाणी वाटेत सांडत गेले, तर दांडा दुसरीकडे कलतो आणि चालणाऱ्याला एका हाताने तो सतत दाबून धरावा लागतो. दांडा जितका लांब, तितका थोड्याशा पाण्याचाही फरक जास्त जाणवतो. टोकाला टाक्या असलेले विमान ही अशीच लांब दांड्याची कावड आहे.

१०/
आकड्यांत पाहू. ३० लिटर विमान-पेट्रोलचे वजन सुमारे २२ किलो. हे इंधन विमानाच्या मध्यरेषेपासून १ मीटरवर, एकाच बाजूला असेल, तर विमान कलवण्याची त्याची ताकद २२ किलो-मीटर. तेच इंधन ७ मीटर पंखविस्ताराच्या लहान विमानात टोकाशी, म्हणजे ३.३ मीटरवर असेल, तर ती ताकद सुमारे ७३ किलो-मीटर होते. जणू ७३ किलोचा माणूस मध्यरेषेपासून मीटरभर अंतरावर एका पंखावर जाऊन बसला आहे. इंधन तेवढेच. बदलली ती फक्त जागा.

११/
वैमानिक या कलाला दांडी विरुद्ध बाजूला दाबून उत्तर देतो. पंखांच्या मागच्या कडेवरच्या हलत्या फळ्या, म्हणजे एलेरॉन, हवेच्या जोरावर विमान सरळ ठेवतात. पण एलेरॉनची ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की ताकद चौथाईवर येते. एका बाजूचे जादा वजन मात्र तसूभरही कमी होत नाही. म्हणून वेगाने उडताना एका बोटाने सांभाळता येणारा कल उतरण्याच्या क्षणी, जमीन जवळ आलेली असताना, हाताबाहेर जाऊ शकतो.

१२/
तिसरी गोष्ट जडत्वाची. कुशीवर वळणाऱ्या विमानाच्या बाबतीत जडत्व अंतराच्या वर्गाने वाढते. १ मीटरवरचे वजन ३.३ मीटरवर नेले की त्याचा परिणाम जवळजवळ अकरा पट होतो. असे विमान वळायला उशीर लावते आणि एकदा वळू लागले की थांबायलाही उशीर लावते. ते गिरकीत सापडले तर बाहेर येणे अधिक कठीण होते. म्हणून दोन्ही टाक्या अगदी समसमान भरल्या तरी प्रश्न सुटत नाही, केवळ त्याचा एक भाग सुटतो.

१३/
मग टोकाचे इंधन आधी वापरावे की शेवटी? ताणाचा विचार सांगतो, शेवटी, म्हणजे पंखाला अखेरपर्यंत आधार राहील. तोलाचा विचार सांगतो, आधी, म्हणजे उतरताना टोके हलकी असतील. प्रत्येक विमानाच्या रचनेनुसार याचे उत्तर वेगळे आणि ते उत्तर पाळण्याची जबाबदारी वैमानिकाची. ही पार्श्वभूमी घेऊन आता व्हॉयेजरकडे परत जाऊ.

१४/
१९८१ मध्ये मोहावी या वाळवंटी गावातल्या एका उपाहारगृहात अभिकल्पक बर्ट रुटान यांनी कागदी नॅपकिनवर या विमानाचे पहिले रेखाटन केले. समोर होते त्यांचे थोरले बंधू डिक रुटान, व्हिएतनाम युद्धात लढाऊ विमाने उडवलेले वैमानिक, आणि जीना येगर, स्वतः विक्रमी वैमानिक. बर्ट यांनी १९७० च्या दशकात व्हेरी-ईझी आणि लाँग-ईझी या आराखड्यांनी हौशी बांधणाऱ्यांना वेड लावले होते. व्हॉयेजरला सरकारी पैसा नव्हता. मोहावीच्या हँगरमध्ये स्वयंसेवकांच्या हातांनी आणि लोकांच्या देणग्यांवर ते उभे राहिले. २२ जून १९८४ रोजी ते प्रथम उडाले.

१५/
त्याचे आकडे पाहिले की रचनेतले धाडस कळते. पंखविस्तार सुमारे ३३.८ मीटर. कार्बन तंतूंच्या सांगाड्याचे वजन केवळ ४२६ किलो. इंजिनांसह रिकामे विमान सुमारे १,०२० किलो. आणि निघताना भरलेले इंधन जवळजवळ ३,१८० किलो. एकूण वजनाच्या बहात्तर टक्के भाग इंधनच. विमानात इंधन ठेवले होते असे म्हणण्यापेक्षा, उडत्या इंधनात दोन माणसांसाठी चिंचोळी जागा केली होती असेच म्हणावे लागेल.

१६/
हे इंधन सतरा टाक्यांत वाटलेले होते. मध्यरेषेच्या प्रत्येक बाजूला आठ आणि मध्ये एक पुरवठा-टाकी, जिच्यातून इंजिनांना इंधन जाई. सोळा टाक्यांतून थोडे थोडे इंधन पंपाने मधल्या टाकीत आणायचे आणि ते अशा क्रमाने आणायचे की विमान डावीकडे वा उजवीकडे, पुढे वा मागे कलणार नाही. हे काम करणारा संगणक विमानात नव्हता. झडपा हाताने फिरवायच्या, किती इंधन हलवले ते वहीत टिपायचे, आणि हे नऊ दिवस, दिवसरात्र.

१७/
सुरुवातीच्या दृश्याकडे वळू. इतक्या पूर्ण भाराने ते विमान त्या दिवसापूर्वी कधीच उडालेले नव्हते. इंधनाने भरलेले पंख खाली वाकले आणि टोके घासत राहिली. सुमारे ४,३३० मीटर धावल्यावर, धावपट्टी संपत आली असताना, विमानाने एकदाचे जमीन सोडली. हवेत येताच पंख कमानीसारखे वर उचलले गेले. टोकांवरचे उभे पंखुले मात्र मोडून लोंबकळत होते. डिक रुटान यांनी विमान मुद्दाम तिरके, कुशीवर सरकवत उडवले आणि हवेच्याच जोराने ती मोडकी पंखुली तोडून टाकली. टोकांच्या आतला फेस आणि तारा उघड्या पडल्या. तशाच अवस्थेत विमानाने पश्चिमेची, पॅसिफिकची वाट धरली.

१८/
भरलेले विमान अतिशय अस्थिर होते. पहिले जवळजवळ तीन दिवस डिक नियंत्रणाच्या आसनावरून हलले नाहीत. पॅसिफिकवर ‘मार्ज’ नावाचे चक्रीवादळ आडवे आले आणि त्याच्या कडेने वाट काढावी लागली. पुढे भारताच्या दक्षिणेकडून हिंदी महासागर, मग आफ्रिका, मग अटलांटिक. ब्राझीलजवळच्या एका रात्री वादळाने विमानाला जवळजवळ ९० अंशांपर्यंत कुशीवर लोटले. तोवर बरेचसे इंधन जळून पंख हलके झाले होते. हाच झटका पहिल्या दिवशी बसता तर काय झाले असते, हे सांगायला कोणी उरले नसते.

१९/
पण माझ्या दृष्टीने या प्रवासाचा गाभा वादळात नसून वहीत आहे. नोंदींचा हिशेब करता करता वैमानिकांना वाटू लागले की इंधन अपेक्षेपेक्षा फार वेगाने संपते आहे. खर्च खरा असेल तर घर गाठता येणार नव्हते. पुढे उलगडा झाला की मधल्या टाकीतले काही इंधन नळ्यांतून उलट दिशेने साठ्याच्या टाकीत परत जात होते. म्हणजे वहीत खर्च दिसणारे इंधन विमानातच होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल. कागद प्रामाणिकपणे लिहिलेला असतो आणि तरीही तो चुकीचे सांगतो, कारण लिहिणाऱ्याच्या नजरेआड काहीतरी उलटे वाहत असते.

२०/
शेवटच्या रात्री मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ इंधन हलवणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला आणि चालू असलेल्या मागच्या इंजिनाला इंधन मिळेनासे झाले. इंजिन बंद पडले. इंधन वाचवण्यासाठी पुढचे इंजिन आधीच बंद ठेवलेले होते. अंधारात, समुद्रावर, विमान इंजिनाविना हजारो फूट खाली आले तेव्हा कुठे पुढचे इंजिन सुरू झाले. विमानात इंधन होते. ते हवे त्या टाकीत नव्हते, एवढीच अडचण. पण उडत्या विमानात ‘एवढीच’ या शब्दाला फार मोठी किंमत असते.

२१/
२३ डिसेंबरच्या सकाळी व्हॉयेजर पुन्हा एडवर्ड्सवर उतरले. ९ दिवस, ३ मिनिटे, ४४ सेकंद. नोंदलेले अंतर ४०,२१२ किलोमीटर. १९६२ मध्ये बी-५२ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाने केलेला विक्रम यामुळे जवळजवळ दुप्पट झाला. टाक्यांत उरले होते ४८ किलो इंधन, म्हणजे निघतानाच्या दीड टक्का. आज हे विमान वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

२२/
व्हॉयेजरची झडप दोन तज्ज्ञांच्या हातांशी होती आणि नऊ दिवस कोणीतरी जागे राहून तिच्याकडे लक्ष देत होते. आता त्याच अभिकल्पकाच्या दुसऱ्या विमानाची, त्याच प्रश्नाची, पण वेगळ्या शेवटाची गोष्ट. लाँग-ईझी हे दोन आसनांचे, मागे इंजिन असलेले विमान. १९७९ मध्ये डिक रुटान यांनी याच प्रकारच्या विमानातून एका ठरावीक वर्तुळमार्गावर ७,७०० किलोमीटरहून अधिक अंतर न थांबता कापले होते. त्याच्या टाक्या पंखांच्या टोकांत नाहीत, तर मुळाशी, धडाला चिकटून आहेत. तोलाच्या दृष्टीने ही जागा शहाणपणाची.

२३/
पण टाक्या दोन असल्या की निवड आलीच. उंच पंखांच्या अनेक विमानांत इंधन आपल्याच वजनाने खाली उतरते, त्यामुळे दोन्ही टाक्या एकाच वेळी उघड्या ठेवता येतात. जिथे पंपाने इंधन ओढावे लागते, तिथे तसे केले आणि एक टाकी रिकामी झाली, तर पंप त्या टाकीतून हवाच ओढेल. म्हणून झडप एका वेळी एकच बाजू उघडते, डावी किंवा उजवी. ठरावीक वेळाने वैमानिकाने ती फिरवत राहायचे. रुटान यांच्या आराखड्यात ही झडप वैमानिकाच्या पायांच्या मध्ये, सहज हाताशी होती.

२४/
एका हौशी बांधणाऱ्याने आपल्या विमानात ती जागा बदलली. इंधनाच्या नळ्या वैमानिकाच्या कक्षात नकोत, हा त्यामागचा विचार. हेतू सुरक्षिततेचाच होता. झडपेची मूठ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे गेली. तिच्यावर कोणतीही खूण नव्हती. इंधनपातळी दाखवणाऱ्या काचा मागच्या आसनाजवळ होत्या आणि त्यांवरही मापे लिहिलेली नव्हती. पुढे ते विमान विकले गेले. १९९७ मध्ये ते प्रसिद्ध अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर यांच्याकडे आले.

२५/
१२ ऑक्टोबर १९९७ रोजी डेन्व्हर कॅलिफोर्नियातील माँटेरे येथून एकटेच उडाले. उड्डाणापूर्वी एका तंत्रज्ञाशी त्या अडचणीच्या मुठीबद्दल त्यांचे बोलणे झाले होते. मागच्या काचा दिसाव्यात म्हणून त्याने त्यांना एक आरसाही दिला होता. इंधन भरून घेण्याची गरज त्यांना वाटली नाही. किनाऱ्याजवळ, जेमतेम काहीशे फूट उंचीवर, इंजिनाचा आवाज अडखळला आणि विमान समुद्रात कोसळले. ते ५३ वर्षांचे होते.

२६/
अमेरिकी अपघात-तपास मंडळाच्या निष्कर्षाचा सारांश असा : टाकी बदलण्यासाठी मागे वळून मुठीपर्यंत पोहोचताना त्यांचे लक्ष उड्डाणावरून हटले, वळताना उजव्या पायाचा दाब रडरच्या पेडलवर पडला आणि विमान ताब्यातून गेले. हातभार लावणाऱ्या कारणांत इंधनाचे अपुरे नियोजन, खूण नसलेली आणि अवघड जागी बसवलेली मूठ, मापे नसलेल्या काचा आणि या प्रकारच्या विमानाचे अपुरे प्रशिक्षण यांची नोंद झाली. सुरुवातीचे सूत्र आठवा : आराखडा एकाचा, बांधणी दुसऱ्याची, उड्डाण तिसऱ्याचे. तिघांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता.

२७/
तिसरी गोष्ट टोकांच्या टाक्यांची, आणि ती दिलासा देणारी आहे. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडचे जॉन जोहान्सन व्यवसायाने परिचारक आणि प्रसूतिसेवक. त्यांनी आर. व्ही.-४ हे सुमारे ७ मीटर पंखविस्ताराचे विमान स्वतः बांधले. या विमानाच्या मूळ टाक्या पंखांच्या मुळाशी, दोन्ही मिळून सुमारे १२० लिटरच्या. एवढ्यावर महासागर ओलांडता येत नाही. तरी १९९५ मध्ये त्यांनी या विमानातून जगाची फेरी केली आणि पुढे आणखी फेऱ्या केल्या. या मालिकेतील विमानांसाठी पंखांच्या टोकांत बसणाऱ्या जादा टाक्यांशी त्यांचे नाव जोडले गेले आहे.

२८/
या टाक्यांची मांडणी पाहण्यासारखी आहे. टोकाच्या टाकीतून इंजिनाला थेट इंधन जातच नाही. विजेच्या पंपाने ते आधी त्याच बाजूच्या मुख्य टाकीत उतरवायचे आणि इंजिनाने नेहमीप्रमाणे मुख्य टाकीतूनच प्यायचे. यामुळे टोकाची टाकी रिकामी झाली तरी इंजिनात हवा शिरत नाही. टोकांचा भार उतरण्याच्या वेळेपूर्वी पंखाच्या मुळाकडे आणता येतो. पंप एका बाजूचा बिघडला तर मात्र कावड कलणारच, म्हणून दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवणे कोणाला चुकत नाही.

२९/
डिसेंबर २००३ मध्ये जोहान्सन न्यूझीलंडहून निघून दक्षिण ध्रुवावरून उडाले. घरी बांधलेल्या विमानातून एकट्याने ध्रुव ओलांडणारे ते पहिले. पुढे दक्षिण अमेरिका गाठायची होती, पण समोरून आलेल्या वाऱ्याने इंधनाचे गणित बिघडवले. हट्टाने पुढे न जाता ते वळले आणि अंटार्क्टिकावरील मॅकमर्डो तळावर उतरले. तिथल्या अमेरिकी आणि न्यूझीलंडच्या यंत्रणांनी खासगी मोहिमेला इंधन विकण्यास नकार दिला. अखेर पॉली व्हॅशर या ब्रिटिश वैमानिकेने स्वतःच्या मोहिमेसाठी तिथे साठवलेले इंधन त्यांना दिले आणि ते न्यूझीलंडला सुखरूप परतले. त्यांनी वेळेवर हिशेब वाचला आणि त्यावर विश्वास ठेवला. म्हणूनच ही गोष्ट सुखान्त झाली.

३०/
तीन विमाने, तीन शेवट. पुस्तकांत अभिकल्पकाच्या रेषा राहतात, विक्रमाचे आकडे राहतात. विमानाचा तोल मात्र कारखान्यात वा गॅरेजमध्ये एकदाच बसवून देता येत नाही. इंजिन जितके इंधन पिते तितका तो क्षणाक्षणाला बदलत जातो आणि कोणीतरी तो पुन्हा पुन्हा जुळवावा लागतो. व्हॉयेजरमध्ये तो एका वहीने जुळवला. जोहान्सन यांच्या विमानात पंपांनी आणि वेळेवर मागे वळण्याच्या निर्णयाने. माँटेरेजवळ तो जुळवणारा हात मुठीपर्यंत पोहोचू शकला नाही.

३१/
तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना आपण बहुतेक वेळा विचारतो, हे कोणी शोधले, कोणी प्रथम केले. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी : हे चालू ठेवण्यासाठी रोज कोणाला काय करावे लागत होते, आणि ते त्याच्या हाताशी होते का? वाफेच्या इंजिनापासून धरणाच्या दरवाजापर्यंत कुठेही हा प्रश्न लावून पाहा. उत्तरे पुष्कळदा मोठ्या नावांऐवजी एखाद्या मुठीपाशी, झडपेपाशी नाहीतर पेन्सिलीने भरलेल्या वहीपाशी सापडतात.

३२/
डिक रुटान यांचे मे २०२४ मध्ये निधन झाले. त्यांच्या आठवणीत ते घासत चाललेले पंख आणि तोडून टाकलेली पंखुली कायम राहतील. पण कधी त्या विमानाचे छायाचित्र पाहिलेत, तर त्या लांबच लांब पंखांच्या आत दडलेल्या टाक्याही डोळ्यांसमोर आणा, आणि रात्रीच्या अंधारात, समुद्रावर, पायाशी वही घेऊन ‘आता डावीकडून किती, उजवीकडून किती’ असे मोजत बसलेली दोन माणसेही.

थ्रेड इथे संपला. या विषयावर काही प्रश्न असतील तर खाली जरूर विचारा.